विठोबाचा मुकुट आणि ग्राफिक्सचा पेपर

"सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही," ही म्हण आमच्या आजीच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलोय. मेसचं बिल, बॅकलॉगची फी, मित्राच्या वाढदिवसाची वर्गणी असा खर्चाचा विषय निघाला की आजी ही म्हण ठेवून देते. पण या म्हणीचा पहिला अर्धा भागही खरा नाही, हे मला २०२३ साली कळलं. सोंग आणणंसुद्धा सोपं नसतं. त्यात गणित असतं, रसायनशास्त्र असतं, शिवणकाम असतं, आणि सोंगाच्या आत एक जिवंत माणूस असतो. हा शेवटचा मुद्दा मी विसरलो होतो. त्याची किंमत माझ्या धाकट्या भावाने मोजली. आज त्याच्या डाव्या भुवईवर एक बारीक पांढरी रेघ आहे, ती माझ्या पहिल्या डिझाइनची निशाणी.

मित्रहो, हा लेख घरच्या घरी वेशभूषा आणि त्यासोबतच्या वस्तू कशा बनवाव्यात यावर आहे. गॅदरिंग असो, शिवजयंतीची मिरवणूक असो, नाहीतर घरच्या छोट्यांची शाळेतली दिंडी असो, कुणावर ना कुणावर ही वेळ येतेच. आणि "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग कर की!" हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या नशिबात लिहिलेलं आहे. तेव्हा माझ्या चुका वाचून तुमच्या तरी वाचाव्यात, एवढाच हेतू.

सोंग ते कॉस्प्ले

आमच्या रूमवर मुंबईचा एक पार्टनर आहे. पठ्ठ्या दरवर्षी मुंबईच्या कॉमिक कॉनला चिलखत घालून जातो. सेकंड इयरला त्याने ते चिलखत होस्टेलच्या खोलीतच बनवलं. दोन दिवस सगळ्या मजल्यावर सोल्युशनचा वास होता आणि रेक्टर सर "गॅस लीक आहे का?" म्हणून चौकशी करून गेले. या प्रकाराला कॉस्प्ले म्हणतात. हा शब्द १९८०च्या दशकात नोबुयुकी ताकाहाशी या जपानी लेखकाने रुढ केला. पण प्रकार त्याहून जुना. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून आले होते. ते कपडे मर्टलबाईंनी घरीच शिवले होते. म्हणजे या जगप्रसिद्ध छंदाची सुरुवातही शिलाई मशीनवरच झाली म्हणायची! आपल्याकडे दिल्लीत २०११ साली कॉमिक कॉन सुरू झालं आणि मग ते मुंबईसारख्या शहरांत पोचलं.

पार्टनर हे सगळं मला मोठ्या अभिमानाने सांगत होता. मी म्हटलं, "अरे, हे तर आमच्याकडे आधीपासून आहे." दारात पोलिसाच्या वेषात येऊन "चला चौकीवर" म्हणणारा बहुरूपी तुम्हीही पाहिला असेल. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून देव आणि राक्षस रात्रभर नाचतात. तळकोकणात दशावतार आहे. आणि आमच्या इंदापूर-बारामती भागात सोंगी भारूड. माझे आजोबा भारुडात सोंगं घ्यायचे. ते गेले तेव्हा मी दुसरीत होतो, त्यामुळे मला ते सोंगात आठवत नाहीत. पण त्यांची पत्र्याची पेटी आमच्या माळ्यावर होती. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

तर आमच्याकडचं "कन्व्हेन्शन" म्हणजे वारी. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते, पुणे, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीला येते. पुढे काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मग सणसर, बेलवडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. सराटीला नीरेत पादुकांचं स्नान झालं की पालखी सोलापूर जिल्ह्यात जाते. आमचं घर दरवर्षी बेलवडीच्या रिंगणाला जातं. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, सतरंजी आणि सगळं कुटुंब. त्याच सुमारास शाळाशाळांतून बालदिंड्या निघतात. कुणी विठ्ठल, कुणी रखुमाई, कुणी ज्ञानोबा, कुणी मुक्ताई. आमच्या धाकट्याची २०२३ साली विठ्ठल म्हणून निवड झाली. तो नऊ वर्षांचा, मी फर्स्ट इयरला. आईने फोन करून सांगितलं, "भाड्याने ड्रेस आणायचा तर डिपॉझिटसकट हजाराच्या घरात जातंय. तू काहीतरी कर."

पहिला प्रयत्न : एक पोस्टमॉर्टेम

मी शनिवारी घरी आलो तो पूर्ण आत्मविश्वासाने. मुकुटासाठी घरात पडून असलेला जुन्या मखराचा थर्माकोल घेतला, तो छान कापला, नक्षी कोरली. रात्री अकरा वाजता त्यावर सोनेरी स्प्रे मारला. पाच मिनिटांत मुकुटाला खड्डे पडायला लागले. दहा मिनिटांत तो देवीच्या रोग्यासारखा दिसू लागला. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनचा फेस, त्यात बहुतेक सगळी हवाच. स्प्रेमधलं टोल्युइन किंवा अ‍ॅसिटोनसारखं द्रावक पॉलिस्टायरीनला विरघळवतं. हे केमिस्ट्रीच्या पुस्तकात वाचलेलं मी घरी विसरून गेलो होतो. (शिवाय महाराष्ट्रात २०१८पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तेव्हा तो मुळात वापरायलाच नको होता.)

दिंडी सोमवारी सकाळी. मग घाबरून मी एक प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्यावर पीओपीचा जाड थर दिला, रंगवला. दिसायला मुकुट झकास झाला. वजन केलं नाही. नंतर किराणा दुकानातल्या काट्यावर केलं, ९०० ग्रॅम भरलं.

पीतांबर म्हणून आईने पिवळं सॅटिन आणलं होतं. ते सुटू नये म्हणून मी कमरेला पाच ठिकाणी टाके घालून अंगावरच शिवून टाकलं. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस लांबला होता. ऊन आणि दमट हवा. सकाळी आठला निघालेली दिंडी साडेदहा वाजता चौकात पोचली आणि कमरेवर हात ठेवून उभा असलेला आमचा विठ्ठल सरळ पुढे कोसळला. मुकुटाची कड भुवईला लागली. तीन टाके पडले.

दवाखान्यात सलाईन लावून पडलेल्या पोराने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, "मी सकाळपासून पाणीच प्यालो नव्हतो. पाणी प्यालो असतो तर शू लागली असती. आणि दादाने तर सगळं शिवून टाकलं होतं."

मुकुटाचं वजन, सॅटिनमध्ये अडकलेली उष्णता, ही कारणं मी स्वतःशी लगेच मांडली. पण खरं कारण हे होतं. मी मूर्ती सजवली होती, मुलगा विसरलो होतो. आई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आजोबांची पेटी

त्यानंतर वर्षभर घरात विठ्ठलाच्या ड्रेसचा विषय निघाला नाही. २०२४च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीनेच माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. आत एक रंग उडालेला फेटा, चाळ, आणि एक कागदी मुखवटा. राक्षसाचा असावा. डोळे मोठे, जबडा रुंद. मी सहज तो काट्यावर ठेवला. २६० ग्रॅम! चेहऱ्याहून दीडपट मोठा मुखवटा माझ्या मुकुटाच्या एक तृतीयांशही नव्हता.

मग मी तो उलटा करून नीट बघितला. वर्तमानपत्राच्या पट्ट्या एकाआड एक थरात आडव्या-उभ्या चिकटवलेल्या. कागदाचे तंतू बहुतांशी एका दिशेने असतात. त्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडातिकडा. म्हणून थरांची दिशा बदलली की मुखवटा सगळीकडून सारखा मजबूत होतो. आपण मटेरिअल्सच्या तासाला प्लायवूडसाठी हेच शिकतो. कपाळाच्या आत जुन्या धोतराची घडी शिवलेली, म्हणजे घाम टिपायला आणि मुखवटा कपाळापासून बोटभर लांब ठेवायला. नाकपुड्या आरपार. डोळ्यांची भोकं मुखवट्याच्या डोळ्यांत नसून खाली, जबड्याच्या वरच्या रेषेत, म्हणजे नाचताना पायाखालचं दिसावं. आजी म्हणाली, "रातभर सोंग घालून नाचायचं असायचं. जड करून भागंल का?"

चौथी नापास माणसाने हे सगळं केलं होतं. मी फर्स्ट क्लास मिळवून पीओपी थापला होता.

त्या दिवशी मी धाकट्याला विचारलं, "परत एकदा करून बघायचं का? शाळेसाठी नको, आपल्या बेलवडीसाठी." तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "बरं, घालू नकोस. पण मी बनवतो ते तू चेक कर. तू साहेब, मी कामगार." साहेब व्हायला तो तयार झाला.

मुकुटाचं गणित

आता मुख्य धडा. वही काढा!

पार्टनरच्या सल्ल्याने मी मुकुटासाठी ईव्हीए फोम निवडला. जिममध्ये किंवा लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवायच्या ज्या मॅट असतात, त्याच. हा फोम हलका, गरम केला की वळतो आणि थंड झाला की तसाच राहतो. माझ्याकडच्या तुकड्याची घनता साधारण ०.१ ग्रॅम प्रति घन सेंमी भरली, म्हणजे पाण्याच्या दहावा हिस्सा.

मुकुटाचा आकार म्हणजे शंकूछेद. दहावीच्या भूमितीत घनफळ काढलं तोच. आणि त्याचा कागदावर उलगडलेला आकार काढणं म्हणजे फर्स्ट इयरच्या ग्राफिक्समधलं डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेस, ज्यावर अर्ध्या वर्गाची विकेट पडते.

धाकट्याच्या डोक्याचा घेर ५२ सेंमी. आतल्या सुती अस्तरासाठी २ सेंमी धरले, म्हणजे ५४. त्यावरून खालची त्रिज्या ८.६ सेंमी. वरची त्रिज्या ६ आणि उंची २० सेंमी ठरवली.

तिरकस उंची = २० चा वर्ग अधिक २.६ चा वर्ग, याचं वर्गमूळ = सुमारे २०.१७ सेंमी.
पूर्ण शंकूची तिरकस उंची = २०.१७ × ८.६ ÷ २.६ = ६६.७ सेंमी.
आतल्या कमानीची त्रिज्या = ६६.७ − २०.२ = ४६.५ सेंमी.
कमानीचा कोन = ३६० × ८.६ ÷ ६६.७ = ४६.४ अंश.

म्हणजे जमिनीवर मोठा पुठ्ठा अंथरायचा, एक खिळा ठोकायचा, सुतळीला पेन्सिल बांधून ६६.७ आणि ४६.५ सेंमीच्या दोन कमानी मारायच्या आणि त्यातून ४६.४ अंशांची फोड कापायची. गोल वळवली की मुकुट तयार. कलिंगडाच्या फोडीची साल असते तसा तो आकार दिसतो.

पण थांबा. मी पहिला फोम याच मापाने कापला आणि मुकुट डोक्यात जाईना. साहेबांनी "रिजेक्ट" असा शेरा मारला. कारण ५४ सेंमी हा आतला घेर. जाड वस्तू वळवली की आतली बाजू आकसते, बाहेरची ताणली जाते आणि मधल्या रेषेची लांबी तेवढीच राहते. हाच शीट मेटलचा बेंड अलाउन्स. फोम ६ मिमी जाड, म्हणजे मधली रेषा ३ मिमी बाहेर. खालची त्रिज्या ८.९ आणि वरची ६.३ धरली की बाहेरची कमान ६९ सेंमीची, आतली ४८.९ सेंमीची होते. कोन मात्र ४६.४ अंशच राहतो, कारण शंकूचा उतार बदललेला नाही. कमानीची लांबी येते जवळजवळ ५६ सेंमी. हे दोन सेंमी विसरले की मुकुट कपाळावर करकचतो.

वजनाचं गणित

मान म्हणजे खाली बिजागरी असलेला खांब. मूल नमस्काराला किंवा पायाखाली बघायला ३० अंश वाकलं, तर मुकुट मानेवर किती मोमेंट आणतो? वजन गुणिले मानेपासून गुरुत्वमध्याचं अंतर गुणिले साइन ३०.

पहिला मुकुट : ०.९ × ९.८१ × ०.३५ × ०.५ = सुमारे १.५५ न्यूटन-मीटर.
दुसरा मुकुट : ०.१७ × ९.८१ × ०.३० × ०.५ = ०.२५ न्यूटन-मीटर.

सहा पटींचा फरक. आकडा लहान वाटला तरी नऊ वर्षांच्या मानेने तो अडीच तास सांभाळायचा असतो. तेव्हा नियम असा : नक्षी खाली, मुकुटाच्या पट्टीवर करा, वरचा भाग जेवढा हलका ठेवता येईल तेवढा ठेवा.

जोडकाम आणि रंग

फोम चिकटवायला चपला जोडायला वापरतात ते रबराचं सोल्युशन लागतं. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण दहा मिनिटं, थांबायचं आणि मग एकदाच नेमकं दाबायचं. ओलं असताना दाबलं तर सुटतं. याचा वास डोक्यात जातो आणि वाफा पेट घेतात. खिडकी उघडी ठेवा. खोलीत कुणाची चोरून वापरायची कॉइल असेल तर ती आधी बंद करा. (रेक्टर सर, हे फक्त उदाहरण आहे.)

रंगाआधी फोमवर हीट गन दुरून फिरवायची. पृष्ठभागावरची बारीक छिद्रं बंद होतात आणि किंचित चमक येते. मग पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून तीन हात द्यायचे, प्रत्येक वेळी वाळू द्यायचं, आणि मग सोनेरी अ‍ॅक्रिलिक. फेविकॉल न लावता रंग दिला तर फोम वाकताच त्याला तडे जातात.

रखुमाईसाठी बहिणीचा मुकुट मात्र आजोबांच्या पद्धतीने कागदाचा केला, आणि वीणेचा भोपळाही. फुग्यावर पाच थर, दिशा बदलत. गव्हाच्या पिठाची खळ पुरते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. पण मोरचूद विषारी, ते लहान मुलाच्या तोंडाजवळच्या वस्तूत नको. पावसाळी हवेत एकेक थर वाळायला दिवस लागतो. घाई करून फुगा उन्हात ठेवू नका. आतली हवा प्रसरण पावते आणि थर उकलतात, हा आमचा अनुभव. पंख्याखाली वाळवा. वीणेच्या दांडीला हलका पीव्हीसी पाइप चालतो. पुठ्ठा वापरायचा तर त्याच्या आतल्या नळ्या लांबीच्या दिशेने घ्या आणि दोन तुकडे पक्के चिकटवा : जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो.

चेहऱ्याच्या रंगाबद्दल थोडं गंभीरपणे. जुना शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. देवाला लावतात म्हणून मुलाच्या तोंडाला लावू नका, शिसं शरीरात गेलं की मुलांच्या मेंदूला अपाय होतो. भिंतीचा किंवा चित्रकलेचा रंगही नको. विठ्ठल काळा असला तरी मुलाचा चेहरा काळा रंगवायची काही गरज नाही. कपाळी गोपीचंदनाचा टिळा आणि बुक्का पुरतो. गोपीचंदन ही मातीच आहे. बुक्का मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका. काहीही लावण्याआधी आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून बघा.

पाच मिनिटांची अट

साहेबांची एकच लेखी अट होती, ती त्याने वहीच्या पानावर लिहून दिली : "शू लागली तर मला एकट्याला काढता आलं पाहिजे." मी त्याला आमच्या घरचं आयएसओ म्हणतो.

पीतांबर सॅटिनऐवजी आईच्या जुन्या पिवळ्या सुती साडीचा केला. सॅटिन बहुतेक पॉलिस्टरचं असतं, घाम शोषत नाही. आणि घाम उडून गेला तरच अंग थंड होतं. आतून हाफ पँट, वर शिवलेल्या निऱ्या, कमरेला वेल्क्रोची रुंद पट्टी. एका हाताने सुटते. तुळशीची माळ मागच्या बाजूला कच्च्या दोऱ्याने जोडली, म्हणजे गर्दीत कुठे अडकली तर दोरा तुटेल, गळा आवळला जाणार नाही. यंत्रात फ्यूज असतो तसा. मकरकुंडलं फोमची, कानाला न लावता मुकुटालाच टांगलेली. उपरण्याच्या आत पाण्याच्या छोट्या बाटलीसाठी खिसा. विटेसाठी पुठ्ठ्याचं खोकं, ते मात्र मी हातात धरून चालणार.

साहेबांनी अंगणात तीन वेळा चाचणी घेतली. बसून, पळून, आणि संडासात जाऊन. तिसऱ्या वेळी बाहेर येऊन म्हणाला, "पास." मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मीच घालतो."

सगळा खर्च ४३० रुपये. त्यातले निम्मे सोल्युशन आणि रंगाचे.

बेलवडी

बेलवडीच्या मैदानावर २०२४ साली आम्ही सकाळीच जाऊन बसलो. आधी झेंडेकरी धावले, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, पखवाजवाले. मग अश्व. घोडा जवळून गेला की जमीन पायाखाली हलते, ते शब्दांत सांगता येत नाही. धाकटा आपल्या विटेवर उभा, कमरेवर हात. मी त्याच्या मागे, जरा वाकलेला, दोन्ही हात तयार. आई त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

रिंगण झाल्यावर गर्दी पांगायला लागली तेव्हा एक म्हातारी वारकरी बाई आमच्यासमोर थांबली. पायात फाटकी चप्पल, खांद्याला बोचकं. तिने धाकट्याकडे पाहिलं, बोचकं खाली ठेवलं आणि वाकून चक्क त्याच्या पायावर डोकं टेकलं.

कॉमिक कॉनला फोटो काढण्याआधी विचारायचं असतं, असं पार्टनर सांगतो. चांगला नियम आहे. पण इथे कुणी विचारत नाही. इथे माणसं सोंगाला देव समजून वाकतात, आणि ज्याने सोंग घेतलंय त्याने ते पेलायचं असतं. मला क्षणभर वाटलं, आता हा घाबरणार, रडणार, नाहीतर हसणार.

त्याने कमरेवरचा एक हात काढला, उपरण्यात घातला, बाटली काढली आणि म्हणाला, "आजी, पाणी पाहिजे का?"

ती प्याली. उरलेलं त्याने प्यालं. मग वेल्क्रो ओढून "दादा, मुकुट धर, आलोच" म्हणून शेताच्या बांधाकडे पळाला. म्हातारी हसायला लागली. आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा आई माझ्याकडे बघून हसली.

शेवटी एवढंच

मित्रहो, आपण प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये "युजर" हा शब्द बाकीच्या शब्दांसारखा टाइप करून मोकळे होतो. व्हायवाला कुणी विचारलं तर पाठ केलेलं सांगतो. माझ्यापुरता त्या शब्दाचा अर्थ डाव्या भुवईवरची एक रेघ आहे. काहीही बनवा, मुकुट बनवा नाहीतर मशीन, आधी ते स्वतः अर्धा तास अंगावर घालून उन्हात उभे राहा. मग ज्याच्यासाठी बनवलंय त्याला विचारा, आणि तो "रिजेक्ट" म्हणाला तर वाद घालू नका.

मुकुट अजून घरी आहे. धाकट्याचं डोकं मोठं झालंय, आता तो त्याला बसत नाही. आजीने तो आजोबांच्या पेटीत, मुखवट्याशेजारी ठेवलाय. पुढच्या वेळी कुणाला लागलाच, तर पॅटर्नचा पुठ्ठा माझ्या होस्टेलच्या कपाटामागे उभा करून ठेवलेला आहे. घेऊन जा. फक्त डोक्याचा घेर नव्याने मोजा, आणि फोमची जाडी धरायला विसरू नका.